अकरा मुक्या फायली

‘डिस्क भरली’ हे दोन शब्द मी आयुष्यात जितक्यांदा ऐकले, तितक्यांदा माझं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. यवतमाळात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, दोन स्टुलं, भिंतीला टांगलेले स्क्रूड्रायव्हर आणि पोट उघडून ठेवलेले डबे. आमचे बाबा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांना माझा धंदा शेवटपर्यंत पटला नाही. कोणी विचारलं की म्हणायचे, "लोकाइच्या घरी जाते, डबे उघडते, अन् झाकण लावून वापस येते." तसं खोटं नव्हतं ते.

गेल्या वर्षी दुकान बंद केलं. या अंकाच्या संपादकबाईंनी धंद्यातलं काही लिहा म्हणून गळ घातली तेव्हा मी हसलो. धूळ झाडली, रॅम काढून खोडरबरानं पुसली, परत बसवली, यात काय लिहायचं? पण एक दुपार आहे. ती कोणाला सांगितली नाही तर मी तसाच जाईन, असं अलीकडे वाटायला लागलंय. ती सांगायची तर आधी थोडा धंदा समजावून द्यावा लागेल.

हार्ड डिस्क म्हणजे तळहाताएवढा लोखंडी डबा. आत आरशासारखी चकचकीत तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरानं एक सुई तरंगते, टेकत नाही. मी हजारभर डिस्का हाताळल्या असतील, तरी पहिल्यांदा एक मेलेली डिस्क उघडून ती तबकडी बघितली तेव्हा जे झालं ते कधी गेलं नाही. एवढ्याशा ताटलीत एका अख्ख्या शाळेचे निकाल, साहेबांच्या मुलीचं लग्न, कोणाकोणाचे अर्ज! हात आपोआप जोडले गेले होते. नंतर आजूबाजूला बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना.

आता ही ताटली भरते कशानं, हे शोधणं म्हणजे आमचं अर्धं पोट. गिऱ्हाइकाला नेहमी व्हायरसचा संशय असतो. व्हायरस क्वचितच निघतो. निघतो तो माणसाचा स्वभाव. आर्णीचे एक काका होते, मोठं एकत्र कुटुंब. त्यांच्या मशीनमध्ये एकच लग्नाचा व्हिडिओ सात वेळा सापडला, सात फोल्डरांत, प्रत्येकाला एकेका सुनेचं नाव. मी म्हटलं, काका, एकच ठेवा, सगळ्याजणी तोच बघतील. काका म्हणाले, "तुमी कायले आमच्या घरात भांडण लावून राह्यले? प्रत्येकीचा आपापला आहे." मी मुकाट्यानं नवीन डिस्क बसवून दिली.

राळेगावला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, मुनीमजी होते. त्यांची डिस्क भरली म्हणून गेलो, तर सगळा माल रिसायकल बिनमध्ये. म्हणजे कचऱ्याच्या टोपलीत. मी आपला खूश, ती टोपली रिकामी करायला निघालो, तर मुनीमजींनी माझा हात धरला. तीन वर्षांची पत्रं त्यांनी जपून तिथे ठेवली होती. "टोपलं दिसलं, त्याच्यात ठेवलं," म्हणाले. "आमच्याकडे चांगली वस्तू टोपल्यातच ठेवतेत. कापूस टोपल्यात, भाकर टोपल्यात. कचरा कोणी टोपल्यात ठेवते काय?" ज्यानं स्क्रीनवरचं ते टोपलीचं चित्र काढलं त्यानं राळेगावचं टोपलं पाहिलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवसापासून एक नियम केला होता. काहीही पुसायच्या आधी ज्याचं आहे त्याला विचारायचं. आणि तोच नियम मी त्या दुपारी मोडला.

ती वर्षं अशी होती, की आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात आलं की बाहेरगावचे नातेवाईक फोन करून विचारायचे, तुमच्याकडे बरं आहे ना? कापसानं माणसांना पार वाकवलं होतं. दिल्ली-मुंबईच्या गाड्या यायच्या, फोटो काढून जायच्या. कोणाच्या घरी काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरी झालं त्यांना जास्त ठाऊक आहे.

त्या काळात आमच्या गावात एका संस्थेनं फोन सुरू केला. एका मेडिकल स्टोअरच्या वर दोन खोल्या, दोन टेबलं, दोन फोन, एक कॉम्प्युटर. ज्याला कोणाशी बोलावंसं वाटतं त्यानं फुकटच्या नंबरवर फोन लावायचा आणि बोलायचं. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. इकडे फोन करणाऱ्याचा नंबर दिसत नव्हता, मुद्दामच तशी सोय केली होती. मात्र प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग ठेवायचं, हा ज्यांनी पैसे दिले त्यांचा नियम. दोन्ही फोन कॉम्प्युटरमधून जायचे, आणि डिस्क भरली की ते सॉफ्टवेअर फोनच घ्यायचं नाही. त्या दिवशी सकाळी तेच झालं होतं.

संस्थेचे सचिव म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणायचे. सज्जन माणूस, पण शिस्तीचा. मला जिन्यातच म्हणाले, "सकाळपासून फोन बंद आहे. तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ काय?" मला कळत होता. मी चहाही घेतला नाही.

डिस्क कशानं भरली ते शोधायची रीत साधी आहे. सगळ्या फायली आकारानं लावायच्या, मोठी वर, लहान खाली. नव्वद टक्के वेळा चोर पहिल्या विसांत सापडतो. इथेही सापडला. वरच्या अकरा फायली एकेक अडीच-तीन तासांच्या, आणि अकराही दोन नंबरच्या टेबलावरच्या. बाकी फोन दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, फार तर अर्धा तास. मी हेडफोन लावला आणि पहिली फाईल सुरू केली. बाईचा आवाज आला, "बोला भाऊ." मग काहीच नाही. पुढे सरकवली. काही नाही. मधूनच बाईचं एखादं वाक्य, परत काही नाही. दुसरी तशीच. तिसरी तशीच. सगळ्या मुक्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ते सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचं होतं. आवाज दाबून लहान करणं त्याला येत नव्हतं. त्याच्या लेखी बोलणं आणि न बोलणं सारखंच. तासभर कोणी भांडलं तरी तेवढीच जागा, आणि तासभर कोणी गप्प बसलं तरी तेवढीच.

सरांना मी सांगितलं, दोन नंबरवर रिकामे फोन आहेत. सरांचा चेहरा उतरला. दोन नंबरवर दुपारी दोन ते आठ सुनंदाताई बसायच्या. सर म्हणाले, "समोरचा माणूस रिसीव्हर बाजूला ठेवून निघून जात असेल, आणि ही फोन तसाच ठेवून डुलकी घेत असेल. तीन-तीन तास लाइन अडकून! त्या वेळात दुसऱ्या कोणाचा फोन आला असेल तर?" मग माझ्याकडे वळले. "याला काही उपाय?"

उपाय होता. सेटिंगमध्ये एक चौकोन होता. त्यात बरोबरची खूण केली की समोरच्या बाजूनं पाच मिनिटं आवाज आला नाही तर फोन आपोआप कापला जायचा. मी खूण केली. मग त्या अकरा फायली निवडल्या आणि टोपलीत न टाकता थेट पुसून टाकल्या. कोणालाही विचारलं नाही. मशीन हसल्यासारखं मोकळं झालं, फोन सुरू झाले, सरांनी माझी पाठ थोपटली, आणि तेव्हा कुठे चहा आला. मला त्या वेळी स्वतःचा फार अभिमान वाटत होता, हे कबूल करतो.

दोनला पाच कमी असताना सुनंदाताई आल्या. पस्तिशीच्या असतील. राळेगावकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातल्या, पूर्वी राळेगावच्या स्टँडवर एसटीडीचा बूथ चालवायच्या. मोबाईल आले आणि बूथ बसला, तेव्हा इथे लागल्या. पिशवीतून डबा काढला, बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून हात जोडले आणि खुर्चीवर बसल्या. बसल्या आणि फोन वाजला.

"बोला भाऊ."

पलीकडून काही नाही. ताईंनी पिशवीतून अंबाडीची जुडी काढली, मांडीवर पेपर पसरला आणि पानं खुडायला लागल्या. रिसीव्हर मानेत धरलेला. सरांनी माझ्याकडे बघितलं, बघा म्हणून. मिनिटभरानं ताई म्हणाल्या, "आहे मी. भाजी निवडून राह्यली. अंबाडी आणली आज, सस्त्यात भेटली." परत गप्प. परत थोड्या वेळानं, "आमच्या माहेरी अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या टाकतेत. मायी सासू मात्र तुरीची डाळ टाकते. आमचं त्याच्याहून लय वाजते बरं. परवा काय झालं, मी कण्या टाकल्या अन् सासूनं..."

टक्. फोन कापला गेला.

ताईंनी रिसीव्हर कानापासून दूर धरून बघितला. "हे कसं काय झालं?"

मी म्हटलं, "ऑटोमॅटिक आहे ताई. समोरून पाच मिनिटं आवाज नाही आला की आपोआप कटते. आजच बसवलं."

अंबाडीची पानं त्यांच्या मुठीत तशीच राहिली. मग अगदी हळू म्हणाल्या, "दादा, हे तुमी काय केलं? थो माणूस बारा दिवसापासून येऊन राह्यला. रोज येते. अजून एक शब्द नाही बोलला."

सर म्हणाले, "सुनंदाताई, जो बोलतच नाही तो आहे कशावरून? रिसीव्हर पडलेला असेल."

"आहे सर. श्वास ऐकू येते. मी काही बोलली की थो श्वास थांबते, ऐकते. मी गप्प बसली की पुन्हा चालू होते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बूथवर असे लय पाहिले मी. नंबर फिरवते, समोरचा हॅलो म्हणते, अन् याच्या तोंडून काही निघत नाही. ज्याले साधं दुखणं आहे थो बोलते. ज्याचं मोठं आहे त्याले टाइम लागते. आमच्या घरचा रिवाज आहे, पाहुणा जेवत असला तर आपण ताटावरून उठाचं नाही. फोनचंही तसंच. थो ठेवल्याशिवाय मी ठेवत नाही. अन् आज त्याले वाटलं असन, ताईनं ठेवला."

मी धावत जाऊन ती खूण काढली. आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. एक नंबरवर एक फोन आला, तिथल्या बाईंनी घेतला. दोन नंबर वाजला नाही. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. ताई म्हणाल्या, "नाही लावणार थो आता. बारा दिवसात मनाची तयारी करत होता, अन् आपण दार लावलं."

परत फोन करायला नंबर नाही. नाव नाही, गाव नाही. नंबर दिसू नये म्हणून मुद्दाम केलेली सोय. सर खुर्चीत बसून कपाळ चोळत होते. अशा वेळी माणसाला आपल्या धंद्यातलंच सुचतं. मला त्या फायली आठवल्या. अकरा दिवसांच्या अकरा फायली. तीन-तीन तासांच्या. सगळ्या त्याच माणसाच्या. आणि मी त्या पुसल्या होत्या.

आता पुसणं म्हणजे काय, तेही सांगतो. फाईल पुसली की ती जात नाही. यादीतलं तिचं नाव फक्त खोडलं जातं. तलाठ्यानं सातबाऱ्यावरून नाव काढलं तरी उभं पीक शेतात तसंच असतं ना, तसं. दुसरा कोणी येऊन नांगर फिरवेपर्यंत ते असतं. म्हणून पहिलं काम म्हणजे नांगर थांबवणं. मी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून सरळ उपटली. सर ओरडले, "अहो, फोन बंद होतील!" मी टेलिफोनच्या दोन्ही पिना कॉम्प्युटरमधून काढल्या आणि भिंतीतल्या खोबणीत थेट बसवल्या. रेकॉर्डिंगचा नियम मोडला.

डिस्क काढली, सरांच्या खोलीतल्या मशीनला जोडली, आणि खोडलेल्या फायली परत आणायचा प्रोग्रॅम लावला. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायला लागली. तासभर मी तिच्याकडे बघत बसलो. इतका वेळ मी देवळातही कधी बसलो नाही. अकरापैकी नऊ आल्या. सकाळपासून दुपारपर्यंत मशीन चालू होतं, तेवढ्या वेळात त्यानं दोन फायलींवर दुसरं काही लिहून टाकलं होतं. त्या दोन कायमच्या गेल्या. अजूनही मनात येतात.

सुनंदाताईंना मी म्हटलं, ऐकायचं का? त्याचा ठावठिकाणा काही सापडतो का बघू. आपला शब्द मोडतो का, हा त्यांचा प्रश्न होता. मग म्हणाल्या, "नंबर पाहणार नाही, असा शब्द देला होता. थो मी पाळून राह्यली. नाव विचारू नका, गाव लिहून ठेवू नका. फक्त थो भेटला पाह्यजे. लावा."

मी हेडफोन लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. सकाळी ज्याला मी रिकामं म्हटलं होतं, ते ऐकायला लागलो.

काय सांगू तुम्हाला! त्यात काहीही रिकामं नव्हतं. आधी श्वास. खराखुरा, आत येणारा, बाहेर जाणारा, एखाद वेळी घशात अडकणारा. ताई बोलल्या की थांबायचा, अगदी त्या म्हणाल्या तसाच. त्याच्यामागे पंख्याची घरघर. त्याच्याही मागे लांबून ट्रकांचे हॉर्न, एकामागून एक, हायवेचे. कुठे तरी भजी तळल्याचा चर्र आवाज. एक चिमणी. आणि या सगळ्यावर ताईंचं बोलणं, अंबाडीचं, सासूचं, मुलीच्या दप्तराचं, घरात शिरलेल्या बेडकाचं. एका दिवशी त्या पाढे म्हणत होत्या, काहीच सुचलं नाही म्हणून. बे एके बे पासून तीसपर्यंत. आणि तो श्वास पूर्ण तीसपर्यंत थांबून थांबून ऐकत होता. मला आयुष्यभर मशीनचं नवल वाटत आलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा माणसाचं वाटलं. एक बाई पगारावर, कोणी बघत नसताना, न बोलणाऱ्या माणसाला रोज तीन तास धरून ठेवत होती, आणि तोही धरून होता.

पहिल्या फायलीत ठिकाण कळलं नाही. दुसरीतही नाही. तिसरीत मधेच पंख्याची घरघर मंद होत थांबली. लाइट गेली होती. ती लोडशेडिंगची वर्षं, रोजचंच. आणि मग एक आवाज आला. पीं, पीं, पीं, पीं. थोडं थांबून परत. दबका, नाक धरून बोलल्यासारखा.

मी हेडफोन काढून ठेवला. परत लावला. परत ऐकलं.

तो यूपीएसचा आवाज होता. लाइट गेली की कॉम्प्युटर थोडा वेळ चालवणारी बॅटरीची पेटी असते, ती असा आवाज करते. पण सगळ्यांचा असतो टोकदार, कान फाडणारा. हा दबका होता. आणि दबका का होता ते मला माहीत होतं, कारण तो मीच दाबला होता. पांढरकवड्याला हायवेवर सलीमभाईंचं दुकान, एसटीडी बूथ आणि मागे दोन कॉम्प्युटर. बॅटरी बदला म्हणून मी घसा फोडून सांगितलं होतं. सलीमभाई म्हणाले होते, "बॅटरी बाद में देखेंगे, पहले ये चिल्लाना बंद करो." मी बाहेरच्या कापसाच्या गाडीतून पडलेलं बोंड उचललं, कापूस काढून आवाजाच्या भोकात ठासला आणि वरून पट्टी चिकटवली होती. जिल्ह्यात असा आवाज काढणारी पेटी एकच असणार.

मी उरलेल्यांपैकी आणखी चार फायली चाळल्या. चारही फायलींत तोच दबका आवाज.

सलीमभाईंना फोन लावला. बूथवर दोन लाइनी होत्या, दुकानाच्या लाइनीवर ते स्वतः आले. मी विचारलं, दुपारी तुमच्या बूथमध्ये रोज कोणी येऊन बसतं का, खूप वेळ?

"हाव ना," सलीमभाई म्हणाले. "दस-बारा दिन से आ राह्यला. फुकट का नंबर लगाता, मेरे को एक पैसा नहीं मिलता. तीन घंटे बूथ अडवून बसते. पण भाई, उसको देख के उठाने का मन नहीं होता. मैं गिऱ्हाईक को बोलता, दूसरा फोन खराब है."

"आज?"

"आज आया, पाँच मिनट में निकल गया. मैंने पूछा क्या हुआ, तो पहली बार मुँह खोला. बोला, ताईनं ठेवला."

सुनंदाताईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "सलीमभाऊ, कुठं गेला थो?"

"बाहर ही है. सामने बाकड़े पर बैठा है. सायकल बाजू में उभी आहे. दो घंटे से हलला नाही."

"त्याले सांगा, ताईनं नाही ठेवला. ताई लाइनवर आहे. अन् त्याले नाव-गाव काही विचारू नका."

मी मध्येच म्हणालो, "सांगा, मशीनमध्ये बिघाड झाला." ताईंनी रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "नाही. सांगा, एका माणसाची चूक झाली. त्याचं नाव मी सांगतो पाहिजे तर."

सलीमभाई रिसीव्हर काउंटरवर ठेवून गेले. ताईंनी फोनचं लाउडस्पीकरचं बटण दाबलं. आणि आमच्या त्या दोन खोल्यांत पांढरकवड्याचा हायवे भरला. ट्रक, हॉर्न, कोणीतरी कोणाला हाक मारत होतं. पंखा चालू होता, म्हणजे लाइट होती. मी घड्याळ बघितलं. एक मिनिट. दोन. सकाळी मी केलेली खूण अजून असती, तर पाचव्या मिनिटाला ही लाइनही कापली गेली असती. पाच झाली. सहा झाली. सातव्या मिनिटाला चपला घासत येणारी पावलं ऐकू आली. रिसीव्हर उचलला गेला. लोखंडी काउंटरवर घासला.

आणि श्वास.

ताईंनी लाउडस्पीकर बंद केला. रिसीव्हर मानेत धरला, अंबाडीचा पेपर परत मांडीवर ओढला आणि म्हणाल्या, "हं. तर मी काय सांगून राह्यली होती? परवा मी कण्या टाकल्या, अन् सासूनं गुपचूप त्याच्यात डाळ टाकली. मग काय झालं असन, सांगा बरं."

त्यापुढे दोन तास आम्हाला फक्त ताईंचं बोलणं ऐकू येत होतं, तेही मधून मधून. सर एकदा उठले. मला वाटलं फोनच्या नोंदीचा कागद भरायला सांगतील. त्यांनी पाण्याचा पेला भरून ताईंच्या हाताशी ठेवला आणि परत जाऊन बसले. घरी जायची वेळ झाली तरी ते गेले नाहीत. मीही गेलो नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेल्याचं नंतर कळलं.

साडेसहाच्या सुमाराला ताई बोलता बोलता एकदम थांबल्या. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबला. ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो. मी आहे इथं. दोन वाजता." बऱ्याच वेळानं त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. त्यांच्या हातात अंबाडीचं एकच पान उरलं होतं, बाकी सगळी खुडून झाली होती.

सरांनी विचारलं, "कोणी ठेवला?"

"त्यानं ठेवला," ताई म्हणाल्या. डोळे पुसले, पण आवाज साधाच होता. "उद्या बोलीन म्हणाला."

मी उठलो. ती डिस्क परत तिच्या जागी बसवली, आणि उद्यासाठी जागा करायला बसलो.